शून्य मजुरी

सरावाच्या वहीत मी ‘कुशल कामगारांची मजुरी : शून्य’ अशी ओळ लिहून पुढे बरोबरची खूण केली होती, आणि जेवणाच्या सुट्टीत ती वही टेबलावर उघडीच राहिली. उत्पादन विभागातले एक ज्येष्ठ सुपरवायझर कुठल्याशा कागदावर सही घ्यायला आले होते. सही होईपर्यंत उभ्या उभ्या त्यांची नजर वहीवर गेली. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि विचारले, “मॅडम, ही माणसं फुकट कशी झाली?” स्वरात टोमणा नव्हता, कुतूहलच होते. मी समजावून सांगितले की गणितातले ते कामगार कायम पगारावर आहेत, पुढचे काही आठवडे त्यांच्या हाताला काम नाही, नवी ऑर्डर घेतली काय किंवा नाकारली काय त्यांचा पगार द्यायचाच आहे, म्हणून त्या ऑर्डरपुरता त्यांचा खर्च शून्य. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, “हां, बरोबर आहे” म्हणाले आणि कागद घेऊन खाली कारखान्याच्या शॉपमध्ये निघून गेले. उत्तर बरोबरच होते, परीक्षेत त्याला पूर्ण गुण आहेत. तरी त्या संध्याकाळी पुस्तक उघडून बसले तेव्हा पुढचे प्रकरण वाचण्याऐवजी मी पुन्हा पुन्हा त्याच ओळीकडे पाहत राहिले.

खरे तर त्यात अडकण्यासारखे काही नव्हते. मी ज्या परीक्षेची तयारी करते आहे, ती अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट अकाउंटंट्स या संस्थेची सीएमए (सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट) परीक्षा दोन भागांची आहे. तिच्या दुसऱ्या भागात एकट्या निर्णय-विश्लेषणाला २५ टक्के भार आहे, आणि त्या विषयाचा कणा एवढाच : निर्णयामुळे जे बदलेल ते मोजावे आणि जे बदलणार नाही ते बाजूला ठेवावे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बाजूला ठेवणे हेच या अभ्यासातले सर्वांत अवघड काम आहे, कारण नोकरीत आमच्यासारख्यांचा दिवस काहीही सुटू नये या धडपडीत जातो. प्रत्येक पावतीला जागा मिळाली पाहिजे, प्रत्येक रकमेला खाते मिळाले पाहिजे, आणि महिनाअखेरीला ताळा जुळला पाहिजे. तीच माणसे संध्याकाळी वही उघडतात आणि दिवसभर जपून नोंदवलेल्या रकमांवर एकेक करून काट मारायला शिकतात.

या प्रकरणातले पहिले गणित बहुधा कच्च्या मालाचे असते. गोदामात ४०० किलो धातू पडून आहे. तो घेतला तेव्हा किलोला १२ हा दर पडला होता, आज बाजारात १५ आहे, भंगारात विकला तर ४ मिळतील. नव्या ऑर्डरसाठी हा धातू वापरला तर किलोला किती खर्च धरायचा? तो कारखान्यात नेहमी लागणारा असेल तर १५, कारण वापरलेला माल पुन्हा आणावा लागेल. त्याला दुसरा काही उपयोगच नसेल तर ४, कारण भंगाराचे तेवढेच पैसे हातचे जातील. दुसऱ्या एखाद्या कामात तो ६ दराच्या मालाऐवजी चालत असेल तर ६. आणि तो टाकून देण्यासाठीच उलट पैसे मोजावे लागणार असतील, तर खर्च चक्क उणे, म्हणजे ऑर्डर घेतल्याने वाचणारी रक्कम. या सगळ्या उत्तरांमध्ये १२ कुठेच येत नाही. प्रत्यक्षात मोजलेली, पावती असलेली, लेखापरीक्षकाने तपासून खूण केलेली तेवढी एकच रक्कम आहे, आणि नेमकी तीच निरुपयोगी ठरते. जॉन मॉरिस क्लार्क या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९२३ मध्येच ओव्हरहेडवरच्या, म्हणजे कोणत्याही एका वस्तूला थेट न जोडता येणाऱ्या खर्चावरच्या, आपल्या ग्रंथात मांडले होते की खर्च हा प्रत्येक हेतूसाठी वेगळा असतो. शतक उलटून गेले, तरी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे स्वतःच्या हाताने १२ वर काट मारूनच पटते.

मालाच्या बाबतीत हे पटायला मला फारसा वेळ लागला नाही, कारण धातूला त्याचे काही वाटत नाही.

अभ्यासाच्या दिवसांत बुडीत खर्चाचे तत्त्व स्वतःवर लावून पाहण्याचा मोह कुणालाही होत असावा. परीक्षेचे शुल्क भरले, ते परत मिळणार नाही. तेव्हा अभ्यास चालू ठेवावा की सोडावा हे ठरवताना त्या शुल्काचा विचार करायचा नाही, असे पुस्तक सांगते. पहाटे गजर वाजतो तेव्हा मात्र अंथरुणातून बाहेर काढते ती त्याच शुल्काची आठवण. मला वाटते, हे तत्त्व शिकवणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. दुसरे तत्त्व संधी खर्चाचे. हातातली एक गोष्ट केल्यामुळे जी दुसरी करता आली नाही तिची किंमत धरायची, आणि ही किंमत कोणत्याही खतावणीत सापडत नाही. नोकरी सांभाळून अशी परीक्षा देणाऱ्या माणसाला हा धडा वेगळा समजावून द्यावा लागत नाही. टेबलावरच्या दिव्याच्या छोट्या वर्तुळात आपण बसलेलो असतो, बाहेरच्या खोलीतून घरच्यांच्या बोलण्याचा आणि मध्येच हसण्याचा आवाज येतो, कशावर हसले ते कळत नाही, आणि आपण कॅल्क्युलेटरवर त्याच आकड्यांची बेरीज पुन्हा करतो. नंतर विचारले तर “काही नाही, असंच” एवढेच उत्तर मिळते. त्या ‘असंच’ला प्रश्नपत्रिकेत रक्कम दिलेली असते, घरात ती कुणी सांगत नाही.

परीक्षेच्या वेळेचे गणितही डोक्यातून जात नाही. मी तयारी सुरू केली तेव्हाच्या आराखड्यात प्रत्येक भागात बहुपर्यायी प्रश्न १०० आणि त्यांना वेळ ३ तास, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी १०८ सेकंद. त्यानंतर तासाभराचा लेखी भाग, आणि बहुपर्यायी प्रश्नांपैकी किमान निम्मे बरोबर आल्याशिवाय तो भाग समोर येतच नाही. गुण ५०० पैकी, उत्तीर्ण व्हायला ३६०. हे १०८ सेकंद अंगवळणी पडायला बराच काळ जातो. सुरुवातीला प्रश्न वाचण्यातच निम्मा वेळ संपतो. पुढे पुढे डोळा आधी शेवटच्या वाक्याकडे जाऊ लागतो, काय विचारले आहे ते पाहून मग वर येतो, आणि मधल्या माहितीतले काय नको ते शोधू लागतो. सराव परीक्षेत घड्याळाचे आकडे पडद्याच्या कोपऱ्यात उलटे सरकत असतात आणि त्यांच्याकडे पाहायचे नाही असे ठरवूनही मानेला त्या बाजूचा एक ताण जाणवत राहतो.

मला या प्रश्नांमधली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते ती चुकीच्या पर्यायांची. चारांपैकी एक बरोबर, पण उरलेले तीन उगाच लिहिलेले नसतात. ओव्हरहेडचा दर काढताना अंदाजित तासांऐवजी प्रत्यक्ष तासांनी भागले तर येणारे उत्तर तिथे हजर असते. सुरुवातीचा साठा धरायचा विसरला तर येणारे उत्तरही असते, आणि बेरजेच्या जागी वजाबाकी केली तर येणारेही. चुकीच्या वाटेने गेलेल्या माणसाला शेवटी आपले उत्तर पर्यायांत सापडते आणि तो निश्चिंत होऊन पुढे जातो. प्रश्न काढणाऱ्याने आपल्या डोक्यात आधीच एक फेरी मारलेली असते. काहींना हा कपटीपणा वाटतो, मला त्यात एक प्रकारची कदर दिसते. विद्यार्थी कुठे घसरतात याचा इतका बारकाईने विचार करणारी माणसे असतील, तर त्यांनी ‘शून्य मजुरी’ वाचून माणूस कुठे थबकेल याचाही विचार केला असेलच, असे मला उगाचच वाटत राहिले. तो पर्यायही तिथे होता. मजुरीचे पूर्ण तास गुणिले दर, ही रक्कम चुकीच्या उत्तरांपैकी एक होती. म्हणजे सुपरवायझरांचे उत्तर चुकीच्या वाटेचे म्हणून आधीच नोंदलेले होते.

अभ्यासक्रमाच्या पहिल्या भागात स्टँडर्ड कॉस्टिंग येते. माल किती लागावा, कोणत्या दराने मिळावा, कामाला किती तास लागावेत हे आधी ठरवायचे, आणि प्रत्यक्षात जे घडले त्याच्याशी ताडून फरकाचे, म्हणजे व्हेरियन्सचे, तुकडे पाडायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी कामाचे घड्याळ लावून मोजमाप करणाऱ्या अभियंत्यांच्या विचारातून ही पद्धत वाढली, आणि तिच्या अंगावर अजूनही त्या घड्याळाची खूण आहे. सूत्रे पाठ करायला जड नाहीत. जड आहे तो त्यांचा एकमेकांतला व्यवहार. खरेदी विभागाने ठरल्यापेक्षा स्वस्त धातू घेतला की दराचा व्हेरियन्स अनुकूल येतो. तोच धातू मशीनवर चढला की जास्त तुटतो, म्हणून वापराचा व्हेरियन्स प्रतिकूल. तुटलेले काम पुन्हा करावे लागते, म्हणून मजुरीच्या कार्यक्षमतेचा व्हेरियन्सही प्रतिकूल. अहवालात पहिला आकडा खरेदीच्या नावापुढे आणि उरलेले दोन उत्पादनाच्या नावापुढे छापले जातात. परीक्षेत लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘याचे संभाव्य कारण काय?’, आणि बरोबर उत्तर हलक्या दर्जाच्या मालाकडे बोट दाखवते. पुस्तक याबाबतीत न्यायी आहे. मी जिथे जिथे मासिक बैठकांना बसले आहे तिथे मात्र तो पुढचा प्रश्न विचारला जातोच असे नाही. आकडे एकाखाली एक वाचले जातात, ज्याच्या नावापुढे कंसातला, म्हणजे प्रतिकूल, आकडा असतो त्याने खुलासा करायचा असतो, आणि खाली शॉपमध्ये तेलाच्या वासात आणि धातूच्या किसात उभ्या असलेल्या माणसाचा खुलासा ‘माल बरोबर नव्हता’ एवढाच असेल तर तो सबबीसारखा ऐकू येतो.

त्यामुळे मधले काही दिवस मी या विषयावरच जरा रागावले होते. एकीकडे माणसांचा तास-तास मोजायचा, आणि दुसऱ्या प्रकरणात त्याच तासांना शून्य म्हणायचे. त्यातच कॉन्ट्रिब्युशनची कल्पना, म्हणजे विक्रीतून फक्त बदलता खर्च वजा करायचा आणि स्थिर खर्चाला हातच लावायचा नाही, मला फार सोयीची आणि थोडी निर्दय वाटू लागली होती. स्थिर खर्च म्हणजे शेवटी कोण? इमारतीचे भाडे आणि यंत्रांचा घसारा हे खरे, पण पर्यवेक्षक, दुरुस्ती करणारे, भांडारातले, आणि मीसुद्धा. प्रत्येक ऑर्डर आम्हाला वगळून मोजली, तर आमचा खर्च कोणती ऑर्डर उचलणार? पूर्ण खर्च वाटून घेणारी जुनी पद्धत मला त्या दिवसांत अधिक माणुसकीची वाटत होती, कारण तिच्यात प्रत्येक वस्तूच्या किमतीत सगळ्यांचा थोडा थोडा वाटा असतो.

त्याच पद्धतीने माझा राग उतरवला.

गणित असे होते. वर्षाचा स्थिर उत्पादन खर्च १,००,०००. विक्री १०,००० नगांची. कारखान्याने नेमके १०,००० नग बनवले तर प्रत्येक नगावर स्थिर खर्चाचे १० चढतात, आणि सगळे नग विकले गेल्याने सगळा १,००,००० नफ्यातून वजा होतो. आता विक्री तीच ठेवून कारखान्याने २०,००० नग बनवले असे धरा. प्रत्येक नगावर ५ चढतील. विकलेल्या १०,००० नगांबरोबर ५०,००० वजा होतील, आणि उरलेले ५०,००० न विकलेल्या नगांबरोबर साठ्याच्या किमतीत जाऊन बसतील. नफा ५०,००० नी वाढला. एकही नग जास्त विकला गेला नाही, एकही गिऱ्हाईक वाढले नाही, उलट न खपलेल्या मालाने गोदाम भरले, आणि नफा वाढला. हे मी नोकरीत रोज वापरत असलेल्या नियमांनुसार आहे. बाहेरच्या आर्थिक अहवालांसाठी स्थिर उत्पादन खर्च साठ्याच्या किमतीत धरणेच अपेक्षित असते. कॉन्ट्रिब्युशनच्या पद्धतीत मात्र दोन्ही प्रसंगी नफा तेवढाच येतो, कारण तिथे स्थिर खर्च त्या त्या काळावर सरळ टाकून दिलेला असतो आणि मालाच्या आड लपायला त्याला जागाच राहत नाही. मी हा तक्ता दोन्ही पद्धतींनी शेजारी शेजारी मांडला आणि बराच वेळ पाहत बसले. जी पद्धत मला सगळ्यांना सामावून घेणारी वाटत होती तिच्यात एक खोटे बोलण्याची सोय होती, आणि जी निर्दय वाटत होती ती या प्रश्नापुरती तरी सरळ होती. माणसांना वाट्याला घेतल्याने माणसांचे भले होते असे नाही, हेही तिथेच दिसले. नको असलेला माल बनवण्यात गेलेले वर्ष पुढच्या वर्षी काम कमी करून भरून काढावे लागते, आणि ते कमी झालेले काम कोणाच्या हातचे असते ते सांगायला नको.

स्थिर खर्च वेगळा ओळखण्याचा हा शोध विसाव्या शतकाचा आहे असे मी समजत होते. तयारीच्या ओघात जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराविषयी वाचले. १७७२ च्या आर्थिक संकटात त्याच्या मातीच्या भांड्यांची मागणी घसरली, तेव्हा तो आपल्या खर्चाच्या मागे लागला. आपला भागीदार थॉमस बेंटली याला लिहिलेल्या पत्रात त्याने नमूद केले की काही खर्च घड्याळासारखे चालत राहतात आणि माल थोडा काढला काय, पुष्कळ काढला काय, जवळजवळ तेवढेच राहतात. नमुने आणि साचे, भाडे, किरकोळ कामाच्या माणसांची मजुरी, हे त्यात येत होते. याच शोधमोहिमेत त्याच्या प्रमुख कारकुनाची अफरातफरही उघडकीस आली, हे आमच्या व्यवसायातल्यांनी जरा खाली मान घालून वाचावे असे आहे. माझ्या परीक्षेची सुरुवात १९७२ ची, म्हणजे त्या संकटानंतर बरोबर दोनशे वर्षांनी. वेजवुडच्या पत्रात मला भावली ती त्याची तऱ्हा. खर्च बदलत नाही हे कळल्यावर त्याने त्याला शून्य म्हटले नाही. हा खर्च पेलायचा तर ठरावीक वेळेत जास्तीत जास्त माल काढावा लागेल, असे त्याने लिहिले, आणि विक्रीच्या मागे लागला. ‘या ऑर्डरपुरते शून्य’ आणि ‘हे रोज चालूच आहे, तेव्हा आता काय विकता येईल ते पाहा’ ही दोन वाक्ये गणिताने एकच आहेत. पण दुसरे वाक्य कारखान्यात मोठ्याने बोलता येते.

मर्यादित साधनांचे प्रकरण मला याच सुमारास लागले. त्यात तेच कुशल कामगार पुन्हा भेटतात, या वेळी कामात पूर्ण गुंतलेले. बाहेरून तशी माणसे मिळत नाहीत, जादा तास शक्य नाहीत, आणि नवी ऑर्डर घ्यायची तर चालू मालाचे काम थांबवावे लागेल. तासाची मजुरी २० आणि चालू मालातून मजुरीच्या प्रत्येक तासामागे ३५ कॉन्ट्रिब्युशन मिळते असे धरले, तर नव्या ऑर्डरवर त्या तासाचा खर्च ५५ येतो. मजुरी अधिक हातचा गेलेला लाभ. नवीन माणूस कामावर घेता येत असेल तरच खर्च फक्त त्याच्या मजुरीएवढा. तोच माणूस, तोच तास, तेच कौशल्य, आणि किंमत शून्यापासून ५५ पर्यंत कुठेही. पगारपत्रकावर मात्र वर्षभर २०च दिसतात. मला हे इतके समाधान देऊन गेले की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शॉपमध्ये गेले आणि त्या सुपरवायझरांना हा दुसरा आकडा सांगितला. यंत्रांच्या आवाजात त्यांना दोनदा सांगावे लागले. त्यांनी हात पुसत विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे काम नसताना आम्ही शून्य, आणि भरात असताना पगाराच्या पावणेतीनपट. मग तो पावणेतीनपटीचा आकडा मीटिंगमध्ये कधी ऐकला नाही, मॅडम.” मी काही उत्तर दिले नाही. तो आकडा कोणत्याही अहवालात येत नाही, कारण अहवाल झालेल्या खर्चाचे असतात, आणि न घेतलेल्या ऑर्डरीचे पान कुणी काढत नाही.

त्यांच्या बोलण्यातून मला वहीतल्या त्या ओळीत काय खटकत होते ते थोडे उलगडले. शून्याच्या पुढे मुदत लिहिलेली नव्हती. ‘पुढचे काही आठवडे’ ही प्रश्नातली अट उत्तरात पोहोचेपर्यंत गळून पडते. एका आठवड्यापुरता जवळजवळ प्रत्येक खर्च स्थिर असतो, आणि पुरेशी वर्षे धरली तर एकही स्थिर राहत नाही. शिवाय काम नसतानाही त्या माणसांना ठेवून घेण्याचा निर्णय कुणीतरी आधीच घेतलेला असतो, आणि त्यामागे काही हिशेब असतो. अभ्यासक्रमात लर्निंग कर्व्हही आहे, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा केल्याने लागणारा वेळ कसा कमी होत जातो त्याचे सूत्र. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमानांच्या उत्पादनखर्चाच्या अभ्यासातून तो मांडला. ८० टक्क्यांचा कर्व्ह धरला तर पहिल्या नगाला १०० तास लागले असता दोन नगांची सरासरी ८० तासांवर येते, चार नगांची ६४ आणि आठांची ५१.२. संपूर्ण अभ्यासक्रमात कामगाराचा हात सूत्रात शिरतो तो इथेच. शिकलेले हात सोडून दिले तर नव्या माणसांना पुन्हा १०० तासांच्या जवळ जावे लागेल, म्हणून त्या रिकाम्या आठवड्यांचा पगार चालू राहतो. पुस्तकात ही दोन प्रकरणे शेजारी नाहीत. एकाच्या शून्यामागचे कारण दुसऱ्यात आहे, हे ज्याचे त्याने जुळवायचे.

लेखी प्रश्नांच्या नमुना-उत्तरांत आकड्यांनंतर ‘बिगर-आर्थिक बाबी’ लिहायच्या असतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांना कमी दराची बातमी लागेल का, कामगारांच्या मनोबलावर काय परिणाम होईल, मोकळी क्षमता खरोखर किती दिवस मोकळी आहे. बहुतेक विद्यार्थी हे मुद्दे यादीसारखे पाठ करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण वेळ कमी असतो. मी आता मुदतीचा मुद्दा आकड्यांच्या आधी लिहू लागले आहे. त्याने गुण वाढतात की नाही ते निकाल सांगेल.

नीतिमत्तेचा विषय दुसऱ्या भागात १५ टक्क्यांचा आहे. सक्षमता, गोपनीयता, सचोटी आणि विश्वासार्हता ही त्याची चार मानके. बरेच जण तो गुण मिळवायला सोपा म्हणून शेवटच्या आठवड्यासाठी ठेवतात, कारण चार पर्यायांपैकी तीन इतके उघड वाईट असतात की चौथ्याकडे बोट आपोआप जाते. मला यात परीक्षेविषयी खरी तक्रार आहे. लाच घ्यावी का, आकडा बदलावा का, असे विचारण्यापेक्षा साठ्याचा प्रश्न विचारायला हवा. वर्षाचे शेवटचे दोन महिने, नफ्याचे उद्दिष्ट हुकणार असे दिसते, आणि वरिष्ठ सांगतात की मशीन थांबवू नका, माल काढत राहा. एकही नियम मोडलेला नाही, एकही नोंद खोटी नाही, नफा वाढलेला आहे. विश्वासार्हतेचे मानक म्हणते की वाचणाऱ्याच्या आकलनावर परिणाम करू शकेल अशी सगळी संबंधित माहिती उघड करावी. मग टिपणात किती लिहायचे, कोणत्या शब्दांत, आणि टिपण कुणाच्या टेबलावर ठेवायचे? पहिल्या भागातले गणित आणि दुसऱ्या भागातले मानक एकाच प्रश्नात आणले तर १०८ सेकंदांत कुणालाच उत्तर देता येणार नाही, हे मान्य आहे. पण नोकरीत प्रश्न येतो तो याच रूपात.

सध्या मी ट्रान्सफर प्रायसिंगवर आहे. एकाच कंपनीचे दोन विभाग, एकाचा तयार भाग दुसऱ्याचा कच्चा माल, आणि आपापसांत किंमत किती लावायची यावरून वाद. विकणाऱ्या विभागाकडे मोकळी क्षमता असेल तर त्याची किमान किंमत बदलत्या खर्चाएवढी. क्षमता भरलेली असेल तर तीत बाहेरच्या विक्रीतून बुडणारे कॉन्ट्रिब्युशन मिळवायचे. घेणारा बाजारभावापेक्षा जास्त देणार नाही. या दोन मर्यादांच्या मधली कोणतीही किंमत कंपनीच्या एकूण नफ्याला सारखीच, पण दोन विभागप्रमुखांचे मूल्यमापन मात्र तिच्यावर ठरते. आकडेमोड काही मिनिटांत झाली. प्रश्नाचा शेवटचा भाग असा आहे : ‘ही किंमत दोन्ही विभागप्रमुखांना समजावून सांगणारे एक टिपण लिहा.’ विकणाऱ्या विभागाची क्षमता मोकळी आहे, म्हणजे त्याच्या माणसांचा खर्च इथेही धरलेला नाही, आणि हे त्या विभागाच्या प्रमुखालाच कळवायचे आहे. त्या टिपणाचे पहिले वाक्य मला अजून जमलेले नाही.